कोऱ्या पाकिटाला हळदकुंकू

मी एकदा एका बाईचं मत हळदकुंकू लावून बाद करून ठेवलं होतं. तिच्या आयुष्यातलं पहिलंवहिलं मत. तिचं वय तेव्हा बहात्तर होतं.

हे मी तरुणपणी केलं. तरुणपणी म्हणजे एकोणसाठाव्या वर्षी. ऐंशी गाठल्यावर मागं पाहिलं की एकोणसाठ हे वय दोन वेण्यांचंच वाटतं, आणि त्या वयातली मी म्हणजे एक आगाऊ मुलगी, जिला कुणीतरी वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.

चुकीपेक्षा जास्त लाज याची वाटते, की मला नियम पाठ होता. साताऱ्याकडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. शिक्षक म्हटलं की निवडणुकीची ड्यूटी आलीच. चार वेळा मी मतदान केंद्राध्यक्ष होते, एकदा मतमोजणीलाही बसले. त्या मोजणीत एका मतपत्रिकेवर शिक्क्याशेजारी कुंकवाचं बोट उमटलेलं निघालं. कुणा भाविक बाईनं आपल्या उमेदवाराला यश चिंतलं असणार. टेबलावरचे सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. "बाद," म्हटलं आणि पत्रिका दुसऱ्या गठ्ठ्यात टाकली. त्या बाईचं काय गेलं असेल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

निवृत्त झाल्यावर मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला मुलीकडे आले. साल दोन हजार तीन. मुलगी आणि जावई दोघं सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी फ्रीवेच्या नावानं बोटं मोडत बाहेर पडायचे ते दिवेलागणीला यायचे. नात पाच वर्षांची. तिला शाळेत सोडलं की दुपारपर्यंत मी रिकामी. रिकामी मुख्याध्यापिका घरात असणं म्हणजे काय, ते माझ्या जावयाला विचारा. मी आधी त्यांचं फडताळ लावलं, मग गराज लावलं, मग जावयाचे मोजे रंगांप्रमाणे लावले. मग मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, जरा बाहेर जाऊन बस ना."

बाहेर जाऊन बसले, तशी शेजारीण सापडली.

आमच्या टाउनहाऊसच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. उंच, हाडापेरानं मजबूत, केस कापसासारखे पांढरे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे वॉकर घेऊन मागच्या अंगणात चार फेऱ्या मारायची आणि दमून खुर्चीत बसायची. मधल्या बुटक्या कुंपणावरून मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की ती पाऊल चुकीचं टाकतेय. तिनं मला विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?" मी म्हणाले, "नाही, शिक्षिका." ती म्हणाली, "मग बरोबर."

आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं तिच्या मातीतलं, माझं साताऱ्याच्या शाळेतलं. दोघींपैकी कुणाचंही ऐकून माझी नात डोळे फिरवायची. इथं मी ते मराठीतच लिहिते आहे, कारण माझ्या कानाला ते तसंच ऐकू यायचं.

युरोपातल्या एका चिमुकल्या देशातली ती. "केवढा आहे गं तुझा देश?" असं मी विचारलं, तेव्हा तिनं नकाशा काढून दाखवला. मी मनातल्या मनात सातारा जिल्हा ठेवून पाहिला, वर कोल्हापूर जोडलं, आणि देश जवळजवळ झाकला गेला. त्या एवढ्याशा देशातला एक एवढासा पक्ष, आणि त्या पक्षात तिचा जीव. तिचे वडील डोंगरातल्या एका खोऱ्यात दूध डेअरीचे हिशेबनीस होते आणि त्या खोऱ्यापुरते पक्षाचे चिटणीस. युद्धानंतर नवं सरकार आलं आणि एक पक्ष सोडून बाकी सगळ्यांवर बंदी आली. वडिलांना आधी डेअरीतून काढलं, मग गावातून. हिला सतराव्या वर्षी मावशीबरोबर बाहेर पाठवून दिलं. सॅन होजेच्या बाजूला तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, जर्दाळूच्या बागा होत्या. फळं डब्यात भरायच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून तिची उमेदीची वर्षं गेली.

नव्वदच्या सुमाराला तिथं पुन्हा खुल्या निवडणुका सुरू झाल्या, आणि वडिलांच्या पक्षातल्या उरल्यासुरल्या लोकांनी तो पक्ष पुन्हा उभा केला. दर तीन महिन्यांनी तिला त्यांचं चार पानी पत्रक यायचं. पहिल्या पानावर फोटो. कुठं पुलाचं काम बंद पडलं म्हणून निदर्शनं, कुठं गावची शाळा बंद करू नका म्हणून मोर्चा. मी दोन-तीन अंक नीट पाहिले आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्या फोटोंत तेच अकरा जण आहेत, फक्त कोट बदललेले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेचा फोटो मी तिला दाखवला, तेव्हा तिनं एकेक डोकं मोजलं आणि समाधानानं मान हलवली.

मी अर्थातच त्या पक्षाची सूत्रं हाती घेतली.

"चिन्ह काय तुमच्या पक्षाचं?" मी विचारलं.

"चिन्ह म्हणजे?"

"छत्री, शिट्टी, कपबशी. मतपत्रिकेवर काय असतं?"

"आकडा असतो. आणि नाव."

"मग ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं?"

"तिथं सगळ्यांना वाचता येतं."

"सगळ्यांना वाचता येऊनसुद्धा तुम्हाला मतं पडत नाहीत?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "आमचा जाहीरनामा वाचता येतो, म्हणूनच पडत नसतील."

अशी ती. पण एक गोष्ट होती जिच्यावर ती विनोद करत नसे. तिनं जन्मात कधी मत दिलं नव्हतं. देश सोडला तेव्हा वय बसत नव्हतं, नंतर तिथलं नागरिकत्व गेलं. इथलं नागरिकत्व तिनं घेतलंच नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायची, "दोन ठिकाणी पाहुणी कशाला व्हायचं?" खुल्या निवडणुका सुरू झाल्यावर तिनं जुनं नागरिकत्व परत मिळावं म्हणून अर्ज केला. बाप्तिस्म्याची नोंद सापडेना, मग शाळेची सापडेना, मग कुणी साक्षीदार जिवंत सापडेना. हे करता करता तीन निवडणुका हातच्या गेल्या. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तिच्या हातात पासपोर्ट पडला, आणि शरद लागता लागता टपालानं मतदानाचं पुडकं आलं.

ते पुडकं तिनं तीन दिवस जेवणाच्या टेबलावर नुसतं ठेवलं होतं. चौथ्या दिवशी मला बोलावलं. आतून कडी लावून तिनं आधीच मतपत्रिकेवर आकड्याभोवती गोल केला होता, मतपत्रिका आतल्या पांढऱ्या पाकिटात घालून ते चिकटवलं होतं. उरलं होतं ते एवढंच: ते पांढरं पाकीट आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र मोठ्या पाकिटात घालायचं, बंद करायचं, टपालात टाकायचं. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालेली. मोठं पाकीट पोस्टात नेऊन वजन करून पाठवायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं.

"नीट नेशील ना?" तिनं विचारलं.

"अगं, मी अख्ख्या पेट्या नेल्या आहेत. पोलीस बंदोबस्तात," मी म्हणाले.

घरी आले. मोठं पाकीट अजून उघडंच होतं. आतलं पांढरं पाकीट बाहेर काढलं. त्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ना नाव, ना पत्ता, ना एखादी रेघ. इतकी वर्षं वाट पाहिलेलं मत आणि असं बोडकं जाणार? आमच्या घरात कुठलंही महत्त्वाचं कागदपत्र देवापुढं ठेवल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही. मुलीचा दहावीचा फॉर्म, लग्नाच्या पत्रिका, जावयाच्या व्हिसाचे कागद. व्हिसाच्या कागदांना तर मी दोनदा लावलं होतं आणि तो झटक्यात मंजूर झाला, म्हणजे पुरावाही होता. फ्रीमाँटच्या त्या घरात देव होते पॅन्ट्रीच्या वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी. मी हातपाय धुतले, पाकीट देवांपुढं ठेवलं, हळद ओली केली, चार कोपऱ्यांना चार बोटं लावली आणि प्रत्येक बोटावर कुंकू. मनात म्हटलं, देवा, या अकरा लोकांना निवडून आण.

वाळत ठेवलं. आणि एवढं करून गप्प बसले असते तरी मी मी कसली. वाळल्यावर ते पाकीट घेऊन कुंपणापाशी गेले आणि तिला दाखवलं. कौतुक करेल म्हणून.

तिनं ते हातात घेतलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. आत गेली, वॉकर ढकलत, आणि सूचनांचं छापील पान घेऊन आली. बोट एका ओळीवर ठेवून तिनं मला इंग्रजीत वाचून दाखवलं, की आतल्या पाकिटावर कोणतीही खूण, अक्षर वा डाग असल्यास मत ग्राह्य धरलं जाणार नाही.

मी म्हणाले, "दुसरं पांढरं पाकीट घेऊ. माझ्याकडे गठ्ठा आहे."

"हे सरकारी पाकीट आहे. उजेडात धर. आत छाप आहे."

उजेडात धरलं. छाप होता. माझी बोटंही होती, चारी कोपऱ्यांना.

"धुवून बघू का?"

तिनं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. फार हळू, जसं आपण लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतो. "आता तू काही करू नकोस," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. रागावली असती, ओरडली असती, तर मी उत्तर दिलं असतं. त्यासाठी माझी तयारी असते.

त्या संध्याकाळी मी कुणालाच काही सांगितलं नाही. भाजी खारट झाली, ती मुकाट्यानं खाल्ली. मोजणीच्या टेबलावरची ती कुंकवाचं बोट लावलेली पत्रिका डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा मी किती मोठ्यानं हसले होते ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मोठं पाकीट घेऊन मीच तिचं दार वाजवलं. तिनं वकिलातीत फोन केला होता. सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या कचेरीत शनिवारी मतदानाची सोय होती. टपालाचं सगळं पुडकं घेऊन मतदार स्वतः आला तर बघता येईल, पण नवीन मतपत्रिका द्यायची की नाही हे तिथं बसलेले अधिकारी ठरवतील, असं त्यांनी सांगितलं होतं. आणि ऑपरेशन झाल्यापासून ती कॉम्प्लेक्सच्या फाटकापलीकडे गेली नव्हती.

"मी नेते," मी म्हणाले.

"तुला गाडी चालवता येत नाही."

"बार्टनं नेते." बार्ट म्हणजे इथली लोकल गाडी.

"तू बार्टनं कधी गेली आहेस?"

"बत्तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या आहेत मी. एकही मूल हरवलं नाही."

तिनं मला नीट न्याहाळलं. दुसरं कुणी नव्हतंच तिला न्यायला. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण पाकीट माझ्याकडे राहील."

शनिवारी मुलगी घरी. तिला खरं सांगितलं असतं तर तिनं आम्हाला गाडीनं पोचवलं असतं, आणि जाताना-येताना दोन तास मला सुनावलं असतं. मी म्हणाले, "शेजारणीला चालायचा सराव हवाय, जरा फिरवून आणते."

"वॉकरवर? किती लांब?"

"बघू. जमेल तेवढं."

नात माझ्याकडे पाहत होती. "आजी, व्हाय आर यू वेअरिंग द सिल्क साडी?"

"फिरायला," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

टॅक्सीनं स्टेशन, स्टेशनातून गाडी. तिला खिडकीशी बसवलं, वॉकर मिटून माझ्या गुडघ्यांत धरला. पर्स तिच्या मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर. ओकलंड आलं. मग ती म्हणाली, "आपण चढलो तेव्हा तू डावीकडची गाडी आहे असं सांगत होतीस. बरोबर गाडी उजवीकडे होती."

"बसलो ना बरोबर गाडीत?"

"मी पाटी वाचली म्हणून."

तिच्या आवाजात जरा ऊब परत आल्यासारखी वाटली. तेवढ्यात गाडी खाडीखाली शिरली, कान बंद झाले, आणि माझ्या पर्समधला फोन, जो मुलगी एव्हाना नक्की वाजवत असणार, गप्प झाला. मला बरं वाटलं.

वकिलातीची कचेरी एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. एक लांबट खोली, कोपऱ्यात पडदा लावलेला आडोसा, टेबलावर लाकडी पेटी. पेटीमागं एक साठीचे गृहस्थ, कोट-टाय घातलेले, समोरचे कागद पट्टीनं मापून ठेवल्यासारखे. असा माणूस मी लांबून ओळखते. मी स्वतः तशीच बसत असे.

शेजारणीनं पुडकं पुढं ठेवलं आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यांनी पांढरं पाकीट कोपऱ्याला धरून उचललं. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?"

"हळद," मी म्हणाले. "जेवणात घालतात ती. लाल आहे तीही हळदच, चुन्यानं लाल केलेली."

"पाकिटावर जेवण सांडलं?"

"सांडलं नाही. लावलं."

वॉकरचा पाय माझ्या चपलेवर आला आणि तिथंच राहिला.

"कुणी लावलं?"

"मी."

"तुम्ही मतदार आहात?"

"नाही. मी शेजारी राहते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मतदाराच्या हातून कागद खराब झाला तर ती एक गोष्ट, ते म्हणाले, पण दुसऱ्या माणसानं मुद्दाम खूण केली असेल तर ती वेगळी. मग पाकीट जप्त करून अहवाल पाठवावा लागेल. आणि अहवालाचं उत्तर येईपर्यंत मतदान होऊन गेलेलं असेल.

चाळीस मैल सोडा, एवढी वर्षं चालून शेजारीण त्या टेबलापर्यंत आली होती, आणि मध्ये मी होते, रेशमी साडी नेसून.

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून मी म्हणाले, "साहेब, मी चार वेळा केंद्राध्यक्ष होते."

त्यांनी वर पाहिलं. "कुठं?"

"भारतात. महाराष्ट्रात."

"एका केंद्रावर किती मतदार?"

"हजारभर असायचे."

"आम्ही सकाळपासून नऊ," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पेटी कशी बंद करता?"

मी सांगितलं. सुतळी, पत्त्याची पट्टी, मेणबत्तीवर वितळवलेली लाख, तिच्यावर पितळी मोहोर, आणि लाख बोटावर पडली की तोंडातून निघणारे शब्द. ते लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांच्याकडे आता प्लास्टिकची पट्टी होती, आणि ती त्यांना आवडत नव्हती असं स्पष्ट दिसत होतं. लाखेचा वास किती दिवस बोटांना राहतो असंही त्यांनी विचारलं. मग ते पुन्हा टेबलाशी नीट बसले आणि एका केंद्राध्यक्षानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे मतपत्रिकेवर अशी खूण सापडली तर तुम्ही काय करता?"

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगितलं असतं तर त्या माणसाला कळलं असतं, एवढं मला कळत होतं.

"बाद करतो," मी म्हणाले. "मी स्वतः केली आहे."

त्यांनी मान हलवली.

"पण ती पेटीतून निघाली होती," मी म्हणाले. "पेटीत पडायच्या आधी मतदारानं परत आणून दिली, आणि ती चुकून खराब झाली अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तर आम्ही दुसरी देतो. पहिलीवर 'खराब, रद्द' लिहितो आणि वेगळ्या लखोट्यात ठेवतो. तुमची पेटी ही. हे पाकीट तिच्यात पडलंय का?"

त्यांनी पेटीकडे पाहिलं, जणू खात्री करून घ्यायची होती. "नाही."

मग उठले, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि उभ्यानंच पानं उलटू लागले. ओठ हलत होते. आम्ही दोघी त्या ओठांकडे पाहत उभ्या. एका पानाशी ते थांबले, ते पान दोनदा वाचलं.

"आमच्याकडेही जवळजवळ तसंच आहे," ते म्हणाले. "फक्त ती चूक असायला हवी. हेतू नको." आणि मला विचारलं, "ही चूक होती?"

खरं सांगते, मला त्या क्षणीसुद्धा वाद घालावासा वाटला. मी पाय धुऊन, मन लावून केलं होतं ते. हळदकुंकवाला चूक म्हणायचं, तेही परक्या माणसासमोर, माझ्या जिभेवर येईना. शिवाय माझं चुकलं हे वाक्य मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं होतं, स्वतः म्हणायची सवय राहिली नव्हती. चपलेवरचा वॉकरचा पाय मात्र तिनं आता काढून घेतला होता. मला ढकलत नव्हती ती. नुसती वाट पाहत होती.

"माझी चूक होती," मी म्हणाले. "तिचं भलं व्हावं म्हणून केलं, पण विचारलं नाही. मला नियम ठाऊक होता आणि तरी मी केलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

त्यांनी फॉर्म ओढला. "कारण काय लिहू?"

"लिहा, शेजारणीचा आगाऊपणा."

त्यांनी त्यांच्या भाषेत बरंच लांब काहीतरी लिहिलं. शेजारणीनं ते उलट्या बाजूनं वाचलं आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. काय लिहिलंय ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. नंतर कितीदा तरी विचारलं.

जुनं पाकीट रद्द झालं, दुसऱ्या लखोट्यात गेलं. नवी मतपत्रिका आली. शेजारीण पडद्याआड गेली, आणि मला त्यांनी लांब, दारापाशी खुर्ची दिली. अगदी लांब.

ती आत आहे तोवर पक्षाचं पुढं काय झालं ते सांगून घेते, कारण तुम्ही विचारणारच. त्या वर्षी ते हरले. मतं आधीपेक्षा वाढली, पण सभागृहात जायला ठरलेला टक्का गाठता आला नाही. पुढच्या पत्रकात फोटोत मी मोजले, चौदा जण होते. एक नवी, तरुण बाई सगळ्यांत पुढं, गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली, गुरांची डॉक्टर. चार वर्षांनी त्यांनी दुसऱ्या एका छोट्या पक्षाशी हातमिळवणी केली आणि त्या डॉक्टरणीची एक जागा आली. शेजारीण तेव्हा शहात्तरची. तिनं आमच्या दारावर वॉकर आपटून ती बातमी दिली. त्या खेपेला टपालाचं पाकीट तिनं माझ्या नजरेलासुद्धा पडू दिलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

पण त्या शनिवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. पडद्याआड ती बराच वेळ होती. एका आकड्याभोवती गोल करायला एवढा वेळ लागत नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. पाकीट तिनं स्वतः पेटीत टाकलं, वाकड्या बोटांनी, दोनदा अडकलं तरी कुणाला हात लावू दिला नाही. साहेब उठून उभे राहिले. मीही राहिले, सवयीनं.

खाली रस्त्यावर आलो. उतारावरून वारा येत होता. ती वॉकर धरून फुटपाथवर थांबली. पर्स आता खांद्याला निवांत लटकत होती. मला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलणार. वडिलांबद्दल, देशाबद्दल, निदान मला माफ केल्याबद्दल. मी रुमाल काढून तयार ठेवला होता. तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"आई सांगायची, मत देऊन घरी आला की बाबा दोन माणसांचं जेवायचा. मला आत्ता तशी भूक लागलीय. इथं जवळपास काय मिळतं ते विचार कुणाला तरी."